कुटुंबासाठी घडीचे फिरते घर

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे गाव महाराष्ट्रास ठाऊक आहे ते जवळच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर धारातीर्थी पडले म्हणून. परंतु या टापूला आणखी एका प्रवासाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. तो प्रवास सौंदत्तीच्या यल्लमाचा. मार्गशीर्षी पौर्णिमेच्या यात्रेस कोल्हापूरच्या दक्षिण भागातील कुटुंबेच्या कुटुंबे पूर्वी बैलगाडीने निघत. साट्यावर बांबूच्या कामट्यांची कमान, कमानीवर ताडपत्री, आत भाताच्या पेंढ्याचा जाड थर आणि त्यावर घोंगडी, एवढ्या सामग्रीवर त्या गाडीचे घर होई. दिवसा तीत म्हातारी माणसे व लहान मुले बसत. रात्री बैल सोडून जुवाखाली टेकू दिला, तीन दगडांची चूल मांडली, की बिऱ्हाड थाटले. पुढे बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली. पण ट्रॉलीवरची कमान आणि ताडपत्री पुष्कळ ठिकाणी तीच राहिली.

तेव्हा परदेशात ‘पॉप-अप कॅम्पर’ या नावाने विकला जाणारा, मोटारीमागे जोडून न्यावयाचा घडीचा ट्रेलर ही कल्पना म्हणून आपणांस अगदीच परकी नाही. इंग्लंडात केवळ हौसेसाठी फिरते घर बांधवून घेण्याचा मान गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टराकडे जातो. १८८५ साली त्याने ‘वाँडरर’ नावाची गाडी करविली. तिला दोन घोडे लागत. यल्लमाच्या यात्रेकरूंनी त्या डॉक्टराचे नाव ऐकलेले असण्याचा संभव नाही, आणि ऐकले असते तरी त्यांना त्यात काही नवल वाटले असते असेही नाही.

समजा, नेसरीस वाडवडिलांचे घर असलेले आणि नोकरीमुळे कोल्हापुरास किंवा पुण्यास राहणारे एक कुटुंब आहे: पतिपत्नी, दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेली आजी. आजीला यात्रेस न्यावयाचे आहे, मुलांना कोकणातील समुद्र दाखवावयाचा आहे, आणि प्रत्येक मुक्कामी खोली शोधण्याची यातायात नको आहे. अशा कुटुंबास हा ट्रेलर फार मोहक वाटतो. मिटलेल्या स्थितीत तो छातीइतक्या उंचीची पेटी दिसतो. एका बाजूचा दांडा फिरविला, की आतील पोलादी दोर कप्प्यांवरून ओढले जातात, चार कोपऱ्यांतील एकात एक बसविलेले खांब वर सरकतात आणि छप्पर उचलले जाते. मग पुढचा व मागचा बिछाना खणाप्रमाणे बाहेर ओढावयाचा. त्याबरोबर कापडी भिंती ताणल्या जातात. थोड्याच वेळात पेटीची खोली होते. विक्रेत्याच्या अंगणात हे दृश्य पाहून मुले टाळ्या पिटतात, आणि वडिलांचा हात खिशाकडे जातो. तेथेच थांबावयास हवे. कारण फिरते घर प्रथम फिरावे लागते आणि मग ते घर होते, आणि ओढून नेताना ते कसे वागेल हे अंगणात दिसत नाही.

निवडीचा खरा आरंभ ट्रेलरापासून नव्हे, घरच्या मोटारीपासून करावा. मोटारीच्या पुस्तिकेत ती किती वजन ओढू शकते याचा आकडा दिलेला असेल, तर तोच प्रमाण मानावा. आपल्याकडील पुष्कळ लहान मोटारींच्या पुस्तिकेत असा आकडाच आढळत नाही. त्याचा अर्थ ‘हवे तेवढे ओढा’ असा नसून, ती मोटार ओढण्यासाठी घडविलेली नाही, असा घ्यावयाचा. अशा वेळी निर्मात्याकडून लेखी उत्तर मिळवावे आणि विमा कंपनीलाही विचारावे. उत्तर नकारार्थी आले तर ट्रेलराचा विचार तेथेच संपतो. चांगला तंबू घ्यावा, तो मोटारीच्या मागील भागात मावतो.

उत्तर होकारार्थी आले तर पुढचा प्रश्न वजनाचा. विक्रेता सांगतो ते बहुधा रिकाम्या ट्रेलराचे वजन असते. ते ५०० किलो आहे असे धरू. त्यात ६० लिटर पाणी भरले की ६० किलो वाढले. शेगडी, भांडी आणि शिधा ६० किलो, गाद्या-पांघरुणे ४०, घडीच्या खुर्च्या, टेबल, दोर व खुंट्या मिळून आणखी ४०. बेरीज ७०० झाली, आणि अद्याप कोणी आपले कपडे ठेवलेले नाहीत. म्हणून ट्रेलराच्या पाटीवरील कमाल भारित वजन पाहावे, त्यातून रिकामे वजन वजा करावे, आणि उरलेल्या आकड्यात आपला संसार बसतो का याचा हिशेब घरी स्वयंपाकघरात बसून करावा. हा हिशेब गृहिणी करील तर अधिक बरे. पुरुष मंडळी भांड्यांचे वजन नेहमीच कमी धरतात. शेवटी भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर न्यावा. उसाच्या मुलखात वजनकाटा शोधण्यास लांब जावे लागत नाही.

एकूण वजनाइतकेच महत्त्व ते कोठे ठेविले आहे याला आहे, आणि हे शास्त्र गाडीवानांना चांगले अवगत होते. ओझे मागे फार झाले की गाडी ‘उलाळ’ होई. जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्याला फास बसे. ओझे पुढे फार झाले की सारा भार बैलांच्या मानेवर येई. म्हणून गाडी भरताना गाडीवान जुवाजवळ उभा राहून धुरा हाताने उचलून पाही. ट्रेलराच्या बाबतीत नियम तोच आहे, केवळ बैलाच्या मानेच्या जागी मोटारीच्या मागचा पोलादी गोळा आहे. भरलेल्या वजनाच्या सुमारे दहावा भाग त्या गोळ्यावर यावा. ७०० किलोंच्या ट्रेलरास म्हणजे ७० किलो. मात्र मोटारीचा निर्माता त्या गोळ्यासाठी जी मर्यादा सांगेल ती ओलांडता कामा नये. हे मोजण्यास मोठे यंत्र लागत नाही. ट्रेलर सपाट जागी उभा करून त्याच्या दांड्याच्या टोकाखाली लाकडी ठोकळा व त्याखाली माणसांचे वजन करण्याचा घरगुती काटा ठेवला की आकडा समजतो. तो फार कमी आला तर ट्रेलर उलाळ आहे असे समजावे. उलाळ ट्रेलर सावकाश चालताना निमूट राहतो. पण वेग वाढला, किंवा शेजारून मोठी बस वाऱ्याचा झोत टाकून गेली, की त्याचे शेपूट डावी-उजवीकडे झुलू लागते. ते झोके दर खेपेस वाढत जाऊन अखेरीस मोटारीलाही फिरवितात. अशा वेळी वेग वाढवून झोका मोडण्याचा मोह होतो, तो आवरावा. चाक सरळ धरून हळूहळू वेग उतरवावा. पाण्याची टाकी व शिध्याची पेटी आसाच्या आसपास, किंचित पुढे ठेवावी. मागच्या कोपऱ्यात जड वस्तू कदापि नको.

नेसरीच्या कुटुंबास या सर्वाहून जिवाशी गाठ घालणारी बाब म्हणजे घाट. हा प्रदेश सह्याद्रीच्या माथ्यावरचा असल्यामुळे कोकणाची प्रत्येक सफर उताराने सुरू होते, मग ती आंबोलीवरून सावंतवाडीकडे असो की चंदगडावरून तिलारी घाटाने दोडामार्गाकडे असो. ७०० किलोंचा ट्रेलर पाचशे मीटर खाली आणताना जी शक्ती मुक्त होते, ती सगळी उष्णतेत बदलली तर दहा लिटरांची घागर उकळेल. ही उष्णता कोठे तरी जाणारच. ट्रेलरास स्वतःचे ब्रेक नसतील, तर तिचा मोठा वाटा मोटारीच्या ब्रेकांना, त्यांच्या स्वतःच्या ओझ्यावर आणखी, सोसावा लागतो. ते अति तापले की पाय दाबूनही गाडी थांबत नाही. युरोपात बिनब्रेकाच्या ट्रेलरास ७५० किलोंची कमाल मर्यादा घातलेली आहे, आणि तो मोटारीच्या निम्म्या वजनाहून जड नसावा असाही दंडक आहे. सपाट हॉलंडात तो नियम पुरेसा असेल. सह्याद्रीत चारशे किलोंच्या ट्रेलरासही ब्रेक असलेले बरे. या ट्रेलरांत पुष्कळदा अशी योजना असते, की मोटार मंदावली म्हणजे मागून ट्रेलर दांड्यावर दाब देतो आणि त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. योजना चतुर आहे. परंतु लांब उतारावर ट्रेलर सारखाच मागून रेटत राहत असल्यामुळे हे ब्रेकही सारखे घासून तापतात. म्हणून उताराच्या आरंभीच खालचा गिअर घालावा, इंजिनाला रोखू द्यावे, आणि मध्ये रुंद जागा पाहून थांबावे. शिवाय पाण्याची टाकी घाट उतरल्यावर भरावी. कोकणात पाणी मिळते. साठ किलो पाणी माथ्यावरून खाली वाहून नेण्यात शहाणपण नाही.

गाळपाच्या हंगामात या रस्त्यांवर रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, आणि त्यांच्या मागे दिवा असेलच याचा भरवसा नसतो. त्यामुळे प्रवास दिवसाउजेडी संपवावा, आणि आपल्या ट्रेलराचे मागचे दिवे व वळण्याची खूण मोटारीच्या दिव्यांशी जोडलेली आहे हे निघताना दुसऱ्या माणसास मागे उभे करून पाहावे. बैलगाडीतल्याप्रमाणे आजीला किंवा मुलांना चालत्या ट्रेलरात बसवावयाचे नाही, हे निराळे सांगावयास नको. तरी सांगितलेले बरे.

आता कापडाविषयी. सुती कॅनव्हासातून हवा खेळते, त्यामुळे आत घाम धरत नाही. नवे कापड एकदोनदा भिजवून वाळविले की धागे फुगून छिद्रे मिटतात व ते पाणी धरत नाही. प्लॅस्टिकचा लेप दिलेले कापड पाणी अधिक अडविते, पण पहाटे आतून ओलसर होते. दोन्हींचा शत्रू एकच. ओले असताना मिटलेले कापड दोन-तीन दिवसांत बुरसते, आणि बुरशीचा वास कायमचा राहतो. आंबोली हे महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या स्थळांपैकी एक. तेव्हा पावसाचे महिने या घराचा उपयोग नाही, असे आधीच धरून चालावे. त्या काळात ते कोठे उभे राहणार? नेसरीच्या घरामागे पत्र्याची शेड असेल तर ठीक. पण शेजारी वैरण रचलेली असेल तर उंदीर पहिल्याच महिन्यात कापडाचा समाचार घेतात. पुण्यातील सदनिकेच्या वाहनतळावर तर या पाहुण्यास जागाच मिळत नाही. जागेचा प्रश्न सुटल्यावाचून पैसे देऊ नयेत.

वापरलेला ट्रेलर स्वस्त मिळतो, आणि चांगला पारखला तर वाईटही नसतो. लाकडी तळ पायाने कोपऱ्याकोपऱ्यांत दाबून पाहावा. मऊ लागला तर आत कुजले आहे. छप्पर तीनदा वर-खाली करावयास लावावे व पोलादी दोरांचे तंतू तुटलेले नाहीत ना, हे पाहावे. टायरावरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. कमी चाललेल्या ट्रेलराचे टायर दिसतात नवे, पण वयाने जुने असतात. कोपऱ्यांतील टेकू हे ट्रेलर हलू नये म्हणून असतात, त्याला उचलण्यासाठी नव्हेत. ते वाकलेले असतील तर मागील मालकाने ते समजून घेतलेले नाही, आणि त्याने इतरही पुष्कळ गोष्टी समजून घेतल्या नसतील.

कोल्हापुरातील कसबी कारागिराकडून असा ट्रेलर करवून घेण्याची कल्पना आकर्षक आहे. उद्यमनगरात पोलादाचे काम उत्तम होते यात शंका नाही. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलरही नोंदवावा लागतो, आणि सांगाडा उत्तम असला तरी नोंदणी मिळेलच असे नाही. नोंदणी होईल असा लेखी आधार हाती आल्याखेरीज इसारा देऊ नये. शेतीच्या ट्रॉलीवर खोली चढवून काम भागविण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यात अशी वाहने उभी करण्याच्या तळांचाही विचार आहे. तथापि असा तळ जवळ नसेल तेथे मुक्काम करताना जागेच्या मालकाची परवानगी घेणे हाच मार्ग उरतो.

आणि आजी? ‘सहा माणसांची सोय’ असे विक्रेता म्हणतो, त्यात मुलेही धरलेली असतात. बाहेर ओढलेले बिछाने कमरेच्या उंचीचे असून वर चढून जावे लागते. रात्री दोनदा उठणाऱ्या वृद्धेस ते जमणार नाही. मधल्या टेबलाचा जो खालचा बिछाना होतो तो तिच्यासाठी ठेवावा, आणि खरेदीपूर्वी तिला प्रत्यक्ष नेऊन त्यावर निजवून, उठवून, पायरीवरून उतरवून पाहावे. शेगडी बाहेर मांडावी. कापडी खोली बंद करून आत शेगडी पेटविली तर न दिसणारा, वास नसलेला विषारी वायू साचतो, आणि झोपलेल्यांना त्याची जाणीव होत नाही. आजीने मान हलविली आणि वर्षाकाठी वीस-पंचवीस रात्री तरी तीत जातील असे वाटले, तर ट्रेलर घ्यावा. चार-पाच रात्रींसाठी भाड्याचे वाहन पुरे.

घेतल्यावर पहिल्या प्रवासात चाळीस-पन्नास किलोमीटरांनंतर थांबून चाकांच्या नटांना पुन्हा आवळ द्यावा लागतो. नवे बसविलेले चाक थोडे सैल होतेच. त्याच वेळी चाकाचा मध्यभाग हाताने चाचपावा. तो कोमट असावा. हात लावू देत नसेल तर आतील वंगण संपले आहे. आजऱ्यावरून आंबोलीकडे जाणाऱ्याने, तेवढे अंतर झालेले नसले तरी, ही तपासणी आजऱ्यासच उरकावी.