स्पीकर घरभर, चावी कुणाकडे?

एका खोलीत लावलेला आवाज दुसऱ्या खोलीत, स्वयंपाकघरात, गच्चीवर, हवा तिथे आणि सगळीकडे एकाच वेळी ऐकू यावा, या सोयीला दुकानदार ‘मल्टि-रूम’ म्हणतात. तारा ओढायच्या नाहीत, भिंत फोडायची नाही. आपल्या वऱ्हाडातल्या घरांत ही सोय बहुधा मुलांच्या हातून येते. मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला लागतो, ईदला येताना दोन-तीन स्पीकर घेऊन येतो, एका संध्याकाळी लावून देतो आणि परत जातो. पुढे त्या स्पीकरांचं काय होतं, हे मी नात्यात आणि शाळेतल्या सहकारी शिक्षिकांच्या घरी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. कपाटावर मुकाट बसलेला, कधीमधी दिवा लुकलुकणारा एक डबा. तो बिघडलेला नसतो. तो चालवायची चावी घरात नसते, एवढंच.

संगीत ऐकावं की नाही, यावर आपल्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत. तो निर्णय ज्याच्या त्याच्या घराचा. पण ज्या घरात गझल-कव्वाली चालते तिथे आणि ज्या घरात फक्त तिलावत, नात आणि बयान चालतं तिथेही यंत्र तेच लागतं, आणि ते निवडताना होणारी फसगतही तीच असते. म्हणून घ्यायला निघण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: दुपारी दोन वाजता घरात कोण असतं? बहुतेक घरांत उत्तर येईल, दादी किंवा अम्मी, एखादी सून, शाळेतून आलेलं लहान मूल. स्पीकर त्यांच्यासाठी निवडायचा. दुकानात मात्र तो निवडतो तो, जो दुपारी घरात नसतोच.

आता थोडं मागे जाऊ. घरभर एकच आवाज ही काही नवी गोष्ट नाही. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झालं, विविध भारती १९५७ साली. पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन रेडिओ आले. ओसरीत अब्बांचा, स्वयंपाकघरात अम्मीचा. दोन्हीकडे एकच केंद्र लावलं की या खोलीतून त्या खोलीत जाताना गाण्याचा एक शब्दही तुटत नसे. आजही आकाशवाणी अकोला तीन खोल्यांतल्या तीन साध्या एफएम रेडिओंवर लावून पाहा, तिन्ही अगदी बरोबर चालतील. ना ॲप, ना पासवर्ड. मल्टि-रूमची ही सर्वांत स्वस्त पद्धत आहे. अडचण इतकीच, की काय ऐकायचं ते केंद्र ठरवतं.

नव्या स्पीकरांचं खरं कौशल्य याच ‘बरोबर चालण्यात’ आहे. नववीच्या विज्ञानात आम्ही शिकवतो, की आवाजाची जाणीव मेंदूत साधारण ०.१ सेकंद टिकते. म्हणून प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला समोरची भिंत किमान १७ मीटरवर लागते. दोन स्पीकरांचं गणितही त्याच जातीचं. दोन आवाजांतलं अंतर सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागाच्या आत असेल तर कान त्यांना एकच समजतो. ते वाढलं की आवाज आधी जाड होतो, मग दुहेरी होतो, आणि ०.१ सेकंदाच्या पुढे गेलं की घर विहिरीसारखं घुमायला लागतं. ब्लूटूथवर आवाज पोहोचायला ०.१ ते ०.२ सेकंद सहज लागतात, आणि हा उशीर प्रत्येक कंपनीच्या स्पीकरचा वेगळा. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन ब्लूटूथ स्पीकर कसेबसे एका फोनला जोडलेच, तरी ऐकताना डोकं दुखतं. तिलावतीत तर एकेका अक्षराचा उच्चार महत्त्वाचा, तिथे हा दुहेरी आवाज अजिबात सहन होत नाही.

ब्लूटूथची दुसरी मर्यादा अंतराची. साधारण दहा मीटर, मध्ये भिंत आली की त्याहून कमी. शिवाय आवाज फोनमधून निघतो, त्यामुळे फोन दुसऱ्या खोलीत गेला की आवाज तुटतो आणि कुणाचा कॉल आला की सगळ्या घराला कळतं. खरी मल्टि-रूम व्यवस्था वायफायवर चालते. त्यात फोन फक्त हुकूम देतो. आवाज स्पीकर स्वतः इंटरनेटवरून घेतो आणि सगळे स्पीकर आपापसांत घड्याळ जुळवून एकाच क्षणी वाजतात. गूगलने ही सोय २०१५ च्या अखेरीस आपल्या क्रोमकास्टमध्ये आणली, ॲपलने २०१८ साली एअरप्ले २ मध्ये. ॲमेझॉनच्या इको स्पीकरांतही ती आहे. सोनोस ही अमेरिकेतली कंपनी तर २००२ पासून याच एका कामासाठी उभी आहे. आवाज उत्तम, किंमत छोट्या स्पीकरांच्या कित्येक पट.

पण वायफाय म्हटलं की आपल्या भिंती आडव्या येतात. अचलपूर, बाळापूर, पातूरकडची जुनी घरं आठवा. दोन-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, छोटी दारं, वर धाबं किंवा माडी. उन्हाळ्यात ही घरं थंड राहतात ती याच भिंतींमुळे, आणि वायफाय अडतं तेही याच भिंतींमुळे. नव्या वस्तीतल्या सिमेंटच्या घरात खोल्या एका मजल्यावर असतील तर काम भागतं. मध्ये स्लॅब आला की वरच्या मजल्यावर पुन्हा तीच रड. राउटरवर बहुधा दोन लहरी असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या. भिंतीतून २.४ ची लहर चांगली जाते, ५ ची वेगवान पण लवकर अडते. गाण्यासाठी फार वेग लागतच नाही. ३२० किलोबिटच्या चांगल्या दर्जाचं गाणं तासाला जेमतेम दीडशे एमबी खातं. तेव्हा लांबच्या खोलीतला स्पीकर २.४ वरच जोडावा, आणि राउटर पत्र्याच्या कूलरमागे, लोखंडी कपाटावर किंवा मायक्रोवेव्हशेजारी ठेवू नये. स्पीकर विकत घेण्याआधी एक चाचणी फुकटात होते: फोन घेऊन ज्या खोलीत स्पीकर ठेवायचा तिथे, दार लावून, दहा मिनिटं गाणं चालवून पाहा. तिथे फोन अडखळत असेल तर स्पीकरही अडखळेल. मग आधी खर्च राउटरवर करावा, स्पीकरवर नंतर.

ज्या घरात लावलेलं वायफायच नाही, फोनच्या हॉटस्पॉटवर सगळं चालतं, त्यांनी या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. फोनवाला सकाळी दुकानावर गेला की घरातले सगळे स्पीकर मुके. तसंच वीज गेल्याचं. राउटर इन्व्हर्टरवर असला पाहिजे, नाहीतर स्पीकरला बॅटरी असूनही उपयोग शून्य.

आता चावीचा मुद्दा. हे स्पीकर कुणाच्या तरी खात्यावर सुरू होतात, आणि ते खातं बहुधा ज्याने स्पीकर आणला त्याचंच असतं. ॲपही त्याच्याच फोनमध्ये. वायफायचा पासवर्ड बदलला की स्पीकर नव्याने जोडावा लागतो, आणि जोडणारा हैदराबादला. त्यात गाण्यांच्या सेवांचा आणखी एक नियम आहे. स्पॉटिफायसारख्या सेवेच्या एकट्याच्या खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी आवाज चालतो. मुलाने तिकडे बसमध्ये आपलं गाणं लावलं की इकडे अकोल्यात दादीची नात मध्येच बंद पडते. दादीला वाटतं यंत्र खराब झालं. ती मुलाला फोन करून सांगतही नाही, कशाला त्याला त्रास, म्हणून गप्प बसते. महिनाभराने स्पीकरवर धूळ साचलेली दिसते.

यावर उपाय अवघड नाही, पण तो पहिल्याच दिवशी करावा लागतो. घराचं वेगळं ईमेल खातं काढा. स्पीकर त्या खात्यावर सुरू करा. ते खातं घरातच राहणाऱ्या फोनवर किंवा जुन्या टॅबवर ठेवा, आणि पासवर्ड कागदावर लिहून बिलाच्या पाकिटात घाला. फुकट सेवा घेत असाल तर दोन गाण्यांच्या मध्ये जाहिरात येते, हे तिलावत लावणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावं.

बोलून चालणारे स्पीकर ही अडचण सोडवतात, असं दुकानदार सांगेल. काही अंशी खरं आहे. अलेक्साला २०१९ पासून हिंदी कळते, आणि ज्यांना पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत त्या वृद्धांना बोलून काम होणं ही मोठी मदत आहे. पण आपल्या दादीची बोली म्हणजे उर्दू, दखनी आणि वऱ्हाडीची सरमिसळ. तिला दुकानात नेऊन तिच्याच तोंडून बोलवून पाहा. नातवाचं ऐकतो म्हणून दादीचं ऐकेलच असं नाही.

आणि ऐकणारा स्पीकर म्हणजे खोलीत कायम उघडा कान, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. स्पीकर सुधारण्यासाठी काही रेकॉर्डिंग माणसं ऐकतात, हे २०१९ साली ॲमेझॉनबाबत उघड झालं. गूगल आणि ॲपलबाबतही त्याच वर्षी. आपल्या घरांत बायकांच्या खोलीत परका पुरुष येत नाही. मग परक्याला ऐकू जाईल असं यंत्र तिथे ठेवताना त्या खोलीतल्या बाईला विचारलं का? सुनेच्या खोलीत काय ठेवायचं हे सुनेने ठरवावं, सासऱ्यांनी किंवा दिराने नव्हे. माइक बंद करायचं बटण बहुतेक स्पीकरांवर असतं. ते कुठे आहे आणि बंद असताना दिवा कोणत्या रंगाचा लागतो, हे घरातल्या प्रत्येकीला दाखवून द्या. माइक नसलेले वायफाय स्पीकरही मिळतात. झोपायच्या खोलीसाठी मी तेच सुचवीन.

सगळ्या खोल्यांत एकदम लावण्याच्या हौसेबद्दलही थोडं. रमजानमध्ये सहेरीला घर उठवायला ही सोय छान. पण तिलावत लावून एका खोलीत टीव्ही, दुसऱ्या खोलीत फोनवर गप्पा, आणि नळाखाली भांडी, हे मला पटत नाही. तिलावत सुरू असताना गप्प बसून ऐकावं, हा अदब आपण मुलांना शिकवतो. म्हणून ॲपमध्ये खोल्यांचे दोन गट करावेत: एक सगळ्या घराचा, एक फक्त बैठकीचा. तिलावत दुसऱ्या गटावर, तीही लोक ऐकायला बसले असतील तेव्हा. शेजारच्या भिंतीला स्पीकर टेकवून ठेवू नये, हे सांगायला नकोच. दहावीचं पोर कुणाच्या ना कुणाच्या घरी असतंच.

आता पैशाची सर्वांत मोठी जोखीम, जी डब्यावर छापलेली नसते. जुना रेडिओ कंपनी बुडाली तरी वाजत राहायचा. हा स्पीकर मात्र कंपनीच्या मर्जीवर वाजतो. बोस कंपनीने २०१३ पासून विकलेली ‘साउंडटच’ ही मालिका घ्या. चांगली महागडी, घरभर चालणारी. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने जाहीर केलं, की २०२६ मध्ये तिची इंटरनेटवरची सेवा बंद होणार. ब्लूटूथ आणि तारेची जोडणी मात्र चालू राहील. सोनोसने २०२४ च्या मे महिन्यात नवं ॲप आणलं, त्यातून गजरासारख्या रोजच्या सोयी गायब झाल्या, ग्राहक खवळले, आणि २०२५ च्या जानेवारीत कंपनीच्या प्रमुखाला जावं लागलं. २०२२ मध्ये पेटंटच्या भांडणात गूगलला गटातल्या सगळ्या स्पीकरांचा आवाज एकदम कमी-जास्त करायची सोय काढून घ्यावी लागली होती. भांडण दोन अमेरिकी कंपन्यांचं, बटण गेलं गिऱ्हाइकाचं. गाण्यांच्या सेवांचंही तेच. एअरटेलचं विंक म्युझिक २०२४ साली बंद झालं, तेव्हा कित्येकांनी जमवलेल्या याद्या नव्याने करायची वेळ आली.

म्हणून माझी निवड विचाराल तर ती तारेच्या छिद्रापासून सुरू होते. ज्या स्पीकरला वायफायबरोबर ब्लूटूथ आणि ऑक्सची साधी जोडणी आहे, तो घ्यावा; कंपनीने हात वर केले तरी तो निदान फोनचा स्पीकर म्हणून उरतो. वरती हाताने दाबायची बटणं असावीत, चालू-बंदची आणि आवाजाची, दादीच्या बोटांना लागतील अशी. घरात आधीचा चांगला ॲम्प्लिफायर किंवा डेक असेल तर तो मोडीत काढू नका. वायफायवरून आवाज घेऊन तारेने जुन्या ॲम्प्लिफायरला देणारी छोटी यंत्रं मिळतात, बैठकीला तेवढं पुरतं. एकदम चार स्पीकर घेऊ नयेत. दोन घ्यावेत, एकाच जातीचे, आणि एक उन्हाळा जाऊ द्यावा.

उन्हाळा मुद्दाम म्हणते. एप्रिल ते जून आपल्याकडे कूलरचा घोंघाट असतो. पुण्याच्या फ्लॅटमध्ये भरपूर वाटलेला छोटा स्पीकर इथे कूलरपुढे हरतो. त्याला कूलरच्या बाजूला न ठेवता ऐकणाऱ्याच्या उशाशी ठेवलं तर कमी आवाजातही भागतं, आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी तर तोच उपाय आहे: आवाज वाढवण्याऐवजी अंतर कमी करा. बॅटरीचा स्पीकर गच्चीवर नेत असाल तर तो उन्हात विसरू नका आणि तापलेला असताना चार्जिंगला लावू नका. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या पुढे चार्ज करू नये असं मानतात, आणि अकोल्याच्या मे महिन्यात तेवढं तर सावलीतच होतं.

घेताना दुकानदाराला विचारा, की दुरुस्ती गावातच होते की नागपूरला पाठवावी लागते. नागपूर म्हणाला तर खोका आणि आतला थर्माकोल फेकू नका. पाठवायची वेळ आली की तोच लागतो.