चोवीस जण, दोन माइक

डिसेंबर लागला की जपानमधल्या कचेऱ्यांत बोनेनकाईची, म्हणजे वर्षअखेरच्या मेजवान्यांची धामधूम सुरू होते. आधी इझाकायात, म्हणजे जपानी खानावळवजा बारमध्ये खाणंपिणं आणि मग 'निजिकाई'ला, म्हणजे दुसऱ्या बैठकीला कराओके, हा क्रम तिथं चांगलाच रुळलेला आहे. ज्याच्यावर आयोजनाची जबाबदारी येते, तो दुकानात फोन करून पहिल्यांदा हेच विचारतो, की २४ जण मावतील अशी खोली आहे का? बिग एको, कराओके-कान यांसारख्या साखळ्यांकडे मोठ्या गटांसाठी पार्टी रूम असतात. लांब कोच, मोठा पडदा, कुठे छोटासा मंचही. माणसं मावतात, पण गाण्याची हौस तिथं बहुतेकांची भागत नाही, कारण कराओकेच्या खोलीत टंचाई पडते ती पाळीची. एक गाणं साधारण चार मिनिटांचं आणि मध्ये अर्धा मिनिट धरला, तर दोन तासांत २६-२७ गाणी होतात. २४ जणांत ती वाटली, की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक. माइक दोन असले तरी गाणं एका वेळी एकच वाजतं. त्यात पहिली दहा-पंधरा मिनिटं पेयं मागवण्यात जातात आणि धीट मंडळी टॅब्लेटवर एकापाठोपाठ एक गाणी लावून ठेवतात. मग निम्म्या लोकांची पाळी येतच नाही. तीच माणसं आठ-आठच्या तीन खोल्यांत बसली, तर प्रत्येकाला तीन गाणी मिळतात.

खोलीची कल्पना मुळात याच अडचणीतून वाट काढणारी ठरली. कोबे शहरातल्या बारमध्ये साथ करणारे वादक दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली नाणं टाकून वाजणारी आपली ११ यंत्रं बारना भाड्यानं दिली. (त्यांच्याही आधी, १९६७ साली, तोक्योत शिगेइची नेगिशी यांनी असंच यंत्र बनवलं होतं, दोघांनीही पेटंट घेतलं नाही.) बारमध्ये यंत्र एक, गिऱ्हाइकं अनेक. अनोळखी लोकांचं गाणं ऐकत आपल्या पाळीची वाट पाहायची, आणि बार म्हटल्यावर विद्यार्थी, गृहिणी, मुलंबाळं असलेली कुटुंबं बाहेरच. १९८५ साली ओकायामा भागात मालवाहतुकीचा जुना कंटेनर रस्त्याकडेला ठेवून त्यात गाण्याची खोली केली गेली, आणि हे चित्र पालटलं. यंत्र आपलं, माणसं आपली, रांग छोटी. पुढं शहरांतल्या इमारतींत मजलेच्या मजले अशा छोट्या खोल्यांचे उभे राहिले. २४ जणांना एका खोलीत बसवणं म्हणजे तीच बारमधली रांग पुन्हा दारामागं आणणं.

यावर खर्चाची शंका निघते. जपानपुरती ती टिकत नाही, कारण तिथं आकार बहुधा माणशी असतो. अर्ध्या तासाचा दर, किंवा ठरावीक वेळेचं हवं तितकं प्या अशा सोयीचं पॅकेज, दोन्ही डोक्यावर मोजलं जातं. त्यामुळं तीन खोल्यांचं बिल एका मोठ्या खोलीइतकंच येतं. दक्षिण कोरियाच्या नोरेबांगमध्ये, म्हणजे तिथल्या कराओकेच्या खोल्यांत, मात्र भाडं खोलीचं आणि तासाचं असतं. तिथं गट फोडला की खर्च वाढतो. तरीही मी दोन खोल्या घ्याव्यात असंच म्हणेन, कारण न गाता परतणाऱ्यानंही पैसे भरलेलेच असतात.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. सगळे एकत्र असावेत म्हणून तर जमायचं, मग गट फोडायचा कशाला? पण एकत्र येणं जेवणाच्या टेबलावर झालेलं असतं. मोठ्या खोलीत तासाभरानं तसेही चार-पाच कोंडाळी पडतात आणि गाणाऱ्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही. एखाद्यानं मनापासून म्हटलेलं गाणं असं वाया जावं, याचं मला खरंच वाईट वाटतं. आठ जणांत ते ऐकलं जातं. खोल्या शेजारी-शेजारी घ्याव्यात आणि अर्ध्या वेळानं माणसांची अदलाबदल चालेल का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवावं. बुजऱ्यांना गर्दीत लपता येतं, हेही खरं. ज्याला मुळीच गायचं नाही, त्याला लहान खोलीत अवघडायला होईल. त्याच्या हाती खुळखुळा द्यावा आणि आग्रह सोडावा. पण ज्याला गायचं आहे नि धीर होत नाही, त्याला सात जणांसमोर उभं राहणं तेवीस जणांपेक्षा पुष्कळ सोपं जातं. निरोप समारंभ असेल, भाषणं व्हायची असतील, तर मोठी खोलीच योग्य. तिथं गाणं दुय्यमच असतं.

जपानमध्ये स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तिथल्या यंत्रांत जपानी गाण्यांचा खजिना आणि इंग्रजी गाण्यांचा मोठा साठा असतो, मराठी गाणी मिळण्याची आशा जवळजवळ नसते. काही खोल्यांत आपला फोन पडद्याला जोडता येतो; तशी खोली हवी असल्याचं आधीच सांगावं. वेळ मात्र सुरुवातीलाच अडीच-तीन तासांची घ्यावी. संपायच्या दहा मिनिटं आधी भिंतीवरचा फोन वाजतो आणि वाढवायची का, अशी विचारणा होते, पण डिसेंबरातल्या शुक्रवारी-शनिवारी पुढचा गट बहुधा खाली येऊन थांबलेला असतो.