पाच सेंटचं तिकीट आणि निवडणीची मजुरी



आमच्या गटातल्या एका काकूंची लेक अमेरिकेत न्यू जर्सीला असते. गेल्या दिवाळीला ती आली ती पिशवीभर रिकामी पाकिटं घेऊन. काकू वैतागल्या, "एवढ्या लांबून रद्दी आणलीस होय गं?" पण ती रद्दी आम्हीच मागवली होती. मासिक सभेला आयांबरोबर येणारी मुलं कंटाळतात, म्हणून आम्ही त्यांना तिकिटं जमवायला शिकवतो.

पाकिटं सतरंजीवर ओतली आणि सहावीतल्या एका मुलीने लगेच चूक पकडली. तिकडे साध्या पत्राला जुलै 2025 पासून 78 सेंट पडत होते. आणि या पाकिटांवर तिकीट होतं पाच सेंटचं, कुठे दहा सेंटचं. वर शिक्काही नाही! आम्हाला वाटलं, कुणीतरी पोस्टाला फसवलं. काकूंच्या लेकीने मग बसून समजावलं, आणि ते समजताना आम्हाला आमचीच एक चूक दिसली. म्हणून आज हा विषय घेतला.

ही पाकिटं असतात ठोक टपालाची. दुकानांच्या जाहिराती, दवाखान्यांसाठी किंवा अनाथाश्रमांसाठी देणगी मागणारी पत्रं. एकावेळी निदान 200 पाकिटं, किंवा तेवढी संख्या नसेल तर 50 पौंड टपाल असलं, तर पोस्ट स्वस्त दर लावतं. पण नुसती संख्या पुरत नाही. पाठवणाऱ्याने आधी परवाना काढायचा, पत्ते तपासून घ्यायचे, झिप कोडप्रमाणे पाकिटं लावायची, गठ्ठे बांधायचे आणि नेमून दिलेल्या पोस्टात स्वतः नेऊन द्यायचे. झिप कोड म्हणजे त्यांचा पिन कोड. त्यांचा 1963 साली आला, आपला 1972 साली.

मग पाच सेंटचं काय? तर तिकिटावरची ती किंमत खरा दर नसतोच. समजा, एका संस्थेच्या पाकिटाचा दर 18 सेंट निघाला. पाच सेंटचं तिकीट पाकिटावर लागलं, उरलेले 13 सेंट खिडकीवर फॉर्म भरून रोख भरायचे. 200 पाकिटांना 10 डॉलरची तिकिटं आणि 26 डॉलर रोख. दर वाढला तर फरकाची रक्कम वाढते, तिकीट तेच चालतं. मग सगळंच रोख का भरत नाहीत? तशी छापील चौकटीची सोयही आहे. पण तिकीट लावलेलं पाकीट माणसाने पाठवल्यासारखं दिसतं, लोक ते उघडून बघतात. आम्हीही तिकिटाचं पाकीट आधी उघडतो, खोटं कशाला बोला.

तिकिटावर काय लिहिलंय ते वाचायला शिकलं की अर्धं काम झालं. पाच सेंटवाल्यावर 'नॉनप्रॉफिट ऑर्ग.' असतं, म्हणजे धर्मादाय संस्था. दहा सेंटवाल्यावर 'प्रिसॉर्टेड एसटीडी'. एसटीडी म्हटल्यावर आम्हाला पिवळे फोन बूथ आठवले, पण ते 'स्टँडर्ड' आहे. प्रिसॉर्टेड म्हणजे आधीच निवडलेलं. 2000 सालच्या अशा एका तिकिटावर न्यू यॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयासमोरचा दगडी सिंह आहे. मुलांना तो फार आवडला.

त्या लेकीच्या सासऱ्यांनी जमवलेली थोडी जुनी तिकिटंही पिशवीत होती. तेव्हा खरा दर तिकिटावरच छापायचे, अगदी दशांश चिन्हासकट. 1982 ची सायकल 5.9 सेंटची, 1984 ची बाबागाडी 7.4 सेंटची. दशांश सेंटचं नाणं कुठेच नाही, पण 500 तिकिटांचं रीळ घेतलं की हिशोब बरोबर 37 डॉलरला बसतो. पुढे 1991 ला पाच सेंटची होडी निघाली, तिच्यावर स्पष्ट लिहिलंय की संस्थेच्या दराचे वरचे पैसे भरलेले आहेत.

आम्ही अडलो ते बाबागाडीवर. तिच्यावर काळ्या अक्षरांत 'कार-आरटी सॉर्ट' असं होतं. म्हणजे पोस्टमनच्या बीटप्रमाणे लावून दिलेलं टपाल. जेवढी बारीक निवड पाठवणारा करतो, तेवढं पोस्टाचं काम वाचतं आणि तेवढा दर उतरतो. ही सवलत म्हणजे कुणी दया दाखवली असं नाही. निवडणीची मजुरी आहे ती.

आणि आमच्याकडे? त्याच दिवाळीआधी आम्ही फराळाची दरपत्रकं 300 जुन्या गिऱ्हाइकांना पाठवली. पाच रुपयांच्या तिकिटाने 1500 रुपये झाले, वहीत लिहिले. पण एक ताई दोन दिवस पत्ते लिहीत होत्या, गावांप्रमाणे गठ्ठे लावत होत्या. वहीत त्यांच्या नावापुढे काहीच नाही. त्यांनी मागितलंही नाही. आम्ही म्हणालो, "बसल्या बसल्या केलं त्यांनी." वर 40 दरपत्रकं परत आली, कारण पत्ते तपासायचं काम कुणाचंच नव्हतं.

धर्मादाय संस्थांची सवलत मात्र वेगळी. तिथे कामाबरोबर हेतूही बघतात. कायद्याने त्यांचा सरासरी दर व्यापारी टपालाच्या साधारण 60 टक्के धरलाय. आपल्याकडेही अशी हेतूची सवलत आहे. टपालाने येणाऱ्या कुठल्याही मासिकाचं वेष्टण बघा, टपाल नोंदणी क्रमांक दिसेल. नोंदणीकृत वृत्तपत्राच्या 50 ग्रॅमपर्यंतच्या अंकाला 25 पैसे, हा दर आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आला. वाचणाऱ्यापर्यंत छापलेलं पोचावं म्हणून.

आता जमवणाऱ्यांसाठी. ही तिकिटं सुटी काढू नका. नवीन चिकट तिकिटं पाण्यात भिजवून नीट निघत नाहीत, फाटतात. पाकीट अख्खं ठेवा, कारण कुणी, कशासाठी, कुठून पाठवलं ते त्यावरच कळतं. घरचा पत्ता तेवढा कागद लावून झाका. डाव्या कोपऱ्यातलं बारीक साल तिकीट निघाल्याचं असतं, पत्र टाकल्याचं नव्हे. काही तिकिटांच्या तळाशी इवलासा आकडा सापडेल. तो छपाईच्या पट्टीचा, आणि रिळात ठरावीक अंतरानेच येतो, म्हणून जमवणारे अशा तिकिटांसाठी जीव टाकतात. आणि शिक्का नाही म्हणून तिकीट परत वापरता येत नाही हो. ही तिकिटं आधीच रद्द धरलेली असतात. जाहिरातीची पाकिटं कुणी जपत नाही, त्यामुळे अशी अख्खी पाकिटं पुढे मिळायला कठीणच.

जानेवारीच्या सभेत आम्ही बाबागाडीचं तिकीट मधे ठेवून त्या ताईंच्या दोन दिवसांचा विषय काढला. ताई म्हणाल्या, "राहू द्या की." कुणी म्हणालं 200 रुपये द्या, कुणी म्हणालं शेतमजुरीच्या दराने द्या. बरीच वादावादी झाली. शेवटी शेतमजुरीचा दर ठरला, आणि वहीत 'पत्ते व निवडणी' असा नवा रकाना आखला. परत आलेल्या 40 पत्त्यांची यादी सध्या दोघी जणी फोन करकरून दुरुस्त करताहेत. त्यांचे तास त्याच रकान्यात लिहिले जाताहेत.