राजयक्ष्म्यातील सूक्ष्मपोषक द्रव्ये आणि भस्मकल्पांची वेळ

राजयक्ष्म्याची साहस, वेगसंधारण, क्षय व विषमाशन ही चार कारणे चरकाचार्यांनी सांगितली आहेत. त्यांतील शेवटच्या दोहोंचा विचार आज सूक्ष्मपोषक द्रव्यांच्या परिभाषेत होतो. क्षयजंतूंच्या नाशासाठी भक्षक पेशी ऑक्सिजनची क्रियाशील रूपे निर्माण करतात. दाह रेंगाळला की हाच मारा फुफ्फुसावर उलटतो. ग्लुटाथायोनचा साठा घटतो, रक्तात मॅलोनडायअल्डिहाइड वाढते. उपचारारंभी जस्त, सेलेनियम, 'अ' जीवनसत्त्व कमी आढळतात. मात्र ही घट सर्वस्वी आहारजन्य नसते. दाह शमल्यावर ती अंशतः आपोआप भरून निघते.

म्हणूनच केवळ गोळ्यांवर विसंबणे योग्य नाही. २००२ मध्ये इंडोनेशियातील चाचणीत जस्त व 'अ' जीवनसत्त्व घेणाऱ्यांची थुंकी लवकर जंतुमुक्त झाली होती. पुढे इतरत्र तसा लाभ सातत्याने दिसला नाही. २०१६ च्या कॉक्रन समीक्षेतही मृत्यू घटल्याचा पुरावा मिळाला नाही. अन्नाची गोष्ट वेगळी आहे. झारखंडातील 'राशन्स' अभ्यासात (२०२३) रुग्णाच्या कुटुंबीयांना तांदूळ, डाळ व सूक्ष्मपोषके दिल्यावर नवे क्षयरुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वजन वाढलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोकाही बराच कमी आढळला. बृंहण म्हणजे प्रथम अन्न, हे आपणांस नवीन नाही! आयसोनियाझिडबरोबर दिले जाणारे 'ब६' मात्र या वादात येत नाही. नाडीशोथ टाळण्यासाठी ते दिलेच पाहिजे.

आता व्यवहारातील मुद्दा, जो औषधविक्रेत्यांनी विशेष लक्षात ठेवावा. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात लेव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन असते. लोह, जस्त, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांच्याशी ते जठरात बांधले जाऊन त्यांचे शोषण घटते. लोहभस्म, मंडूर, यशदभस्म, शंख, प्रवाळ या कल्पांतही हेच धातू आहेत, आणि आपला रुग्ण दुधाच्या अनुपानासह ते सकाळीच घेतो. रक्तातील मात्रा अपुरी राहिली तर उरल्यासुरल्या औषधालाही जंतू दाद देईनासे होण्याचा धोका असतो. म्हणून ही औषधे सकाळी व धातुकल्प सायंकाळी, असे अंतर चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. अम्लपित्तासाठी मागितली जाणारी चूर्णे व गोळ्या देतानाही रुग्ण कोणती औषधे घेत आहे हे विचारावे.

निक्षय पोषण योजनेची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये झाली आहे. ती रुग्णाच्या खात्यात जमा होण्यासाठी आधी त्याची निक्षयवर नोंद व्हावी लागते.