कमानीच्या पोटाखालून

अमेरिकेच्या युटा राज्यात, मोआब गावाजवळ, आर्चेस नॅशनल पार्क आहे. दोन हजारांहून अधिक नैसर्गिक दगडी कमानी या एका उद्यानात उभ्या आहेत. राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं पाहिलेल्यांना दगडाला आरपार भोक पडणं नवं नाही. पण आपला काळा बेसाल्ट चिवट. इथला तांबूस वालुकाश्म म्हणजे जेमतेम चिकटलेली वाळू. तरीही इथल्या ‘लँडस्केप आर्च’चा पल्ला सुमारे ८८ मीटर आहे आणि सर्वांत बारीक जागी तिची जाडी दोन मीटरच्या आसपास. सप्टेंबर १९९१ मध्ये तिच्या खालच्या अंगाची १८ मीटर लांबीची शिळा निखळली. तेव्हापासून कमानीखालची पायवाट बंद आहे. ऑगस्ट २००८ मध्ये जवळचीच ‘वॉल आर्च’ एका रात्रीत कोसळली.

मग बाकीच्या कशाच्या बळावर तग धरून आहेत? प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये याचं सुंदर उत्तर दिलं. वरच्या दगडाचा भार ज्या कणांवर येतो, ते एकमेकांत घट्ट अडकतात आणि पाण्याला दाद देत नाहीत. ज्यांच्यावर भार नसतो, ते सुटे होऊन झडतात. झीज होत होत भार पेलणारा तेवढाच दगड मागे उरतो. म्हणजे कमानीच्या आकारातच तिच्यावरच्या भाराचा हिशेब असतो. तो वाचायचा तर आकार इंचाइंचाने मोजावा लागतो, आणि दोरखंड लावून अशा कमानीवर चढणं दगडाच्याही जिवावरचं.

इथे ड्रोनचा खरा उपयोग. एका फोटोतला सत्तर-ऐंशी टक्के भाग पुढच्या फोटोतही येईल, अशा बेताने तो शेकडो फोटो टिपतो. दगडावरचा एकच ठिपका वेगवेगळ्या कोनांतून दिसला, की संगणक त्याची जागा काढतो. अशा लाखो ठिपक्यांतून त्रिमिती प्रतिकृती उभी राहते. खरी कसोटी कमानीच्या पोटाशी लागते. सरळ खाली रोखलेल्या कॅमेऱ्याला ती बाजू दिसतच नाही, आणि १९९१ची शिळा नेमकी तिथूनच पडली होती. त्यामुळे ड्रोन खाली आणून, कॅमेरा वर वळवून, कडेकडेने फिरवावा लागतो. दगडाच्या आडोशाला उपग्रहांचे संदेश तुटक होतात आणि ड्रोन जागचा ढळू लागतो. दीड हजार मीटर उंचीवर ३५ अंशांच्या उन्हात हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने विरळ असते. पंख्यांना जास्त वेगाने फिरावं लागतं, बॅटरी लवकर उतरते. छायाचित्रकारांना प्रिय असलेलं मावळतीचं सोनेरी ऊनही इथे कुचकामी, कारण लांब सावल्यांत भेगा बुडून जातात. मोजणीला ढगाळ, सपाट उजेड हवा.

हौशी पर्यटकाला मात्र या उद्यानात ड्रोन उडवता येत नाही. २०१४ मध्ये झायन नॅशनल पार्कमध्ये एका ड्रोनने रानमेंढ्यांचा कळप बिथरवला, पिल्लं मोठ्यांपासून तुटली. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत ड्रोनबंदी आली. मला ती पूर्णपणे योग्य वाटते. सुंदर फोटो जमिनीवरूनही निघतो. संशोधनासाठी परवानगी मागण्याची वाट आहेच.

आकार कळला तरी दगडाच्या आत काय चाललंय, हे फोटो सांगत नाही. त्यासाठी युटा विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ कमानींवर भूकंपमापक ठेवतात. वारा आणि जमिनीतली बारीक थरथर यांमुळे प्रत्येक कमान आपल्या ठरावीक लयीत सतत कंप पावत असते. प्रतिकृतीवरून ही लय आधी गणिताने काढायची आणि मोजलेल्या लयीशी ताडून पाहायची. आत भेग वाढली, तर कंप मंदावतो. अर्थात, दुपारी दगड तापून फुगतो, बारीक भेगा मिटतात, कंपसंख्या चढते. रात्री पुन्हा उतरते. हा रोजचा आणि ऋतूंचा चढउतार वजा केल्यावरही जी घसरण उरते, तिच्याकडे लक्ष ठेवायचं.