फोनमधला ब्राउझर कोणता ठेवायचा?



मागे आपले दोन सभासद हैदराबादला गेले होते. तिथे कोठी भागातल्या गुजराती गल्लीत मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकानंच दुकानं आहेत. एकाने बोटीवर वापरायला जुना फोन स्वस्तात घेतला. दुकानदाराने खरं ते सांगितलं, "फोन चालेल, पण ह्याला आता अपडेट येत नाहीत." आपला भाऊ म्हणाला, "मला फक्त मासळीचा अंदाज बघायचाय, अपडेट कशाला?"

हा अंदाज येतो तो हैदराबादहूनच. तिथली इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था १९९९ पासून काम करते. समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहावरून बघून मासळी कुठे मिळू शकते ते सांगतात, मराठीतसुद्धा. लाटा, वारा हेही कळतं.

पण फोन एकदा घरात आला की त्यावर बँकही येते. थोड्याच दिवसांत त्याच फोनवर 'डिझेल परताव्याची यादी' अशी लिंक आली. पान अगदी सरकारी वाटावं असं. खातं नंबर भरून झाला, ओटीपी टाकायचा बाकी होता. वहिनींना शंका आली, त्यांनी आम्हाला फोन केला, म्हणून पैसे वाचले. तीच लिंक आम्ही ऑफिसच्या अपडेट केलेल्या फोनवर उघडली तर समोर लाल पाटी, 'ही साइट धोक्याची आहे'. (तुम्ही मात्र असा प्रयोग करू नका.)

तेव्हापासून सगळे विचारतात, चांगला ब्राउझर कोणता? आमच्या समजुतीप्रमाणे सांगतो.

वेग: क्रोम, एज, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट, ऑपेरा ह्या सगळ्यांचं इंजिन एकच आहे, क्रोमियम. त्यामुळे वेगात फार फरक पडत नाही. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं आहे. पान जड होतं ते बहुतेक जाहिरातींमुळे. ब्रेव्ह जाहिराती आपोआप अडवतो, फायरफॉक्सला त्यासाठी ॲड-ऑन लावता येतं. त्याने डेटाही वाचतो.

रेंज कमी असेल तर: ऑपेरा मिनी पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर लहान करून मग आपल्याला पाठवतो. हवामान बघायला हे बरं. पण मधे तिसरा माणूस आला ना! म्हणून बँकेचं काम त्यावर करू नका.

सुरक्षितता: क्रोम, एज, फायरफॉक्स, ब्रेव्ह ह्यांपैकी कोणताही चालेल, पण तो अपडेट हवा. चोराला नवीन वाट सापडली की कंपनी अपडेट देऊन ती बुजवते. अपडेट बंद म्हणजे वाट उघडीच. यूसी ब्राउझरवर सरकारने जून २०२० मध्येच बंदी घातली आहे. कोणाच्या जुन्या फोनमध्ये अजून असेल तर काढून टाका.

आता लक्षात ठेवायच्या गोष्टी:

१. पत्त्याजवळ कुलुपाची खूण दिसली म्हणजे साइट खरी असं नाही. मधे कोणी वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चोरसुद्धा कुलूप लावतो.
२. सरकारी कामाला पत्त्याचा शेवट बघा. 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा हवा.
३. ब्राउझर प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल कोणीही पाठवली असली तरी उघडू नका.
४. लाल पाटी आली की मागे फिरा. 'तरीही पुढे जा' दाबू नका.
५. बाहेर गेल्यावर रेंज जाते. अंदाजाचं पान बंदरातच उघडून स्क्रीनशॉट काढून ठेवा.
६. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

आपल्या त्या भावाने कोठीचा फोन टाकून दिला नाही. त्यातून बँक आणि सिमकार्ड काढलं, आता तो बोटीवर फक्त गाणी वाजवतो. बँकेसाठी घरात एकच अपडेट येणारा फोन ठेवलाय आणि तो वहिनींच्या ताब्यात आहे.

बंदीच्या दिवसांत आपण होडीची डागडुजी करतो, जाळी शिवतो. तसा फोनही एकदा बघून घ्या. जमत नसेल तर संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात घेऊन या, आपण मिळून अपडेट करू. घरातल्या बायकांनाही बरोबर आणा, हिशोब त्यांच्याच हातात असतो.