गिटारवाला बदलला, बँड तोच!

मेटल बँडमध्ये नवा गिटारवादक आला की जुने चाहते आधी त्याचा सोलो तपासतात. मी म्हणतो, आधी रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची ओळ, ऐका! रिफमध्ये दोन गिटारी बहुतेकदा एकच गोष्ट एकाच क्षणी वाजवतात. पिकचे सगळे फटके खाली मारायचे की खाली-वर, तळव्याने तारा किती दाबायच्या, हे सगळं जुन्या सोबत्याशी जुळलं नाही तर आवाज गढूळ होतो. सोलोत मोकळीक असते. लोकांना पाठ असलेल्या जागा ठेवायच्या, मधलं आपलं वाजवायचं.

मुंबईचा डिमॉनिक रिझरेक्शन घ्या. साहिल मखिजाने 2000 साली सुरू केलेला बँड. माणसं येत-जात राहिली, साहिलचा गळा आणि गिटार कायम. 'द रिटर्न टू डार्कनेस' या अल्बमवर लीड गिटार डॅनियल रेगोची, 2017च्या 'दशावतार'वर निशीथ हेगडेची. (मत्स्य, कूर्म, वराह... खरंच, गाण्यांची नावं हीच!)

आयर्न मेडनने तर वेगळंच केलं. 1990मध्ये अॅड्रियन स्मिथच्या जागी जॅनिक गर्स आला. 1999मध्ये स्मिथ परतला, पण गर्सला कुणी घालवलं नाही. तिसऱ्या गिटारीला जागा केली! फेब्रुवारी 2008मध्ये मुंबईत बँडचे तिन्ही गिटारवादक वाजवून गेले.

लोकल पकडण्याआधी 'दशावतार' डाउनलोड करून ठेवा. आणि हेडफोन दोन्ही कानांत घाला, कारण मेटलमध्ये रिफ बहुतेकदा डावीकडे एक, उजवीकडे एक असा स्वतंत्र रेकॉर्ड केलेला असतो.